मोर्चा संपल्यावर काय उरतं?

प्रश्न असा आला आहे: "ताई, 2021 मध्ये नागपुरातल्या अजनीच्या झाडांसाठी मी शाळेतल्या मैत्रिणींबरोबर फलक घेऊन उभी होते. आता अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात आमच्या कॉलनीतला मोठा कडुनिंब रस्ता रुंदीकरणासाठी रात्रीतून तोडला. आम्ही सह्या गोळा करत होतो तोवर सगळं आटोपलं होतं. पर्यावरणाच्या चळवळीमुळे समाज खरंच शाश्वत जगण्याकडे सरकतो का, की चळवळ काही गोष्टी थोडा काळ अडवून धरते, एवढंच?"

आधी कडुनिंबाबद्दल. फार वाईट झालं. 23 मे 2013 ला नागपुरात 47.9 अंश तापमान नोंदवलं गेलं होतं. त्या दुपारी मी सायकलरिक्षावाले आणि फळांच्या गाड्या कडुनिंबाखाली दाटीवाटीने उभ्या पाहिल्या होत्या. आपल्या गावात मोठं झाड जातं तेव्हा त्याच्याखाली बसणाऱ्याची बसायची जागा जाते. त्यामुळे तुझा राग मला कळतो आणि तो कमी कर असं मी म्हणणार नाही.

मी सांडपाणी शुद्धीकरणाची अभियंता आहे. 29 वर्षं हे काम केलं आणि त्यातली जवळजवळ 20 वर्षं सुट्टीच्या दिवशी नागरिकांच्या गटांबरोबर घालवली. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसले आहे. तेवढ्या अनुभवावरून सांगते: चळवळीने समाज सरकतो, पण मोर्च्याच्या दिवशी नाही. तिची मागणी ज्या दिवशी कोणाच्या तरी रोजच्या कामात शिरते, म्हणजे नकाशात एक रेघ, निविदेत एक कलम, नोंदवहीत एक रकाना होऊन बसते, त्या दिवशी समाज तेवढा सरकलेला असतो. त्याआधी आपण फक्त अडवलेलं असतं. अडवणंही लागतंच, कारण झाड पडल्यावर चर्चेला काही उरत नाही. पण तुझी दमणूक मला वाटतं इथून येते: आपण अडवण्यालाच शेवट समजतो.

नागपूरहून जबलपूरकडे जाताना मनसर सोडलं की रस्ता पेंचच्या जंगलातून खवाशाकडे जातो. पूर्वीचा राष्ट्रीय महामार्ग 7, आताचा 44. त्याचं चौपदरीकरण ठरलं तेव्हा विदर्भातल्या वन्यजीवप्रेमींची मागणी होती की रस्ता इथून रुंद करूच नका, छिंदवाड्याकडून वळवा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या केंद्रीय अधिकार समितीपुढे गेलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे गेलं, वर्षानुवर्षं चाललं. शेवटी रस्ता तिथूनच झाला आणि झाडंही गेली. त्या काळात आमच्यातले कितीतरी जण खचले होते. पण त्या भांडणातून एक गोष्ट निघाली. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या या पट्ट्यात प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावं म्हणून 9 मार्ग बांधावे लागले, त्यातले सर्वांत लांब 750 मीटरचे. डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये तिथे कॅमेरे लावले. 18 जातींचे वन्यप्राणी त्यांत दिसले आणि वाघ 89 वेळा दिसला. वरून ट्रक धडधडत जातायत आणि खालून वाघ चालतोय!

मूळ मागणीच्या हिशेबाने आम्ही हरलो. पण पुढे समृद्धी महामार्ग आखला गेला तेव्हा वन्यप्राण्यांसाठी असे मार्ग आराखड्यातच आले. जंगलातून रस्ता न्यायचा तर प्राण्यांच्या वाटेचा विचार करायचा, हे एकेकाळी वेड्यांचं बोलणं होतं, आता ते अभियंत्याच्या कामाचा भाग आहे. माझ्या मते हीच ती सरकण्याची क्रिया. ती संथ असते, पूर्ण कधीच नसते, आणि ज्यांनी ती घडवली त्यांना पराभवासारखी दिसते.

अजनीचंही थोडं तसंच पाहा. रेल्वे कॉलनीच्या परिसरात ती झाडं तोडून जे आंतरवाहतूक स्थानक (रेल्वे, बस, मेट्रो एकाच ठिकाणी जोडणारं) होणार होतं, ते त्या रूपात उभं राहिलं नाही. तू फलक धरला होतास, त्या दिवसांत मी सकाळी सहाला टेप आणि वही घेऊन झाडांचे घेर मोजत हिंडत होते. दोन्ही कामं लागतात. फलकामुळे लोक वळून पाहतात आणि वहीमुळे समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

थोडं मागे जाते, कारण ज्या गोष्टी तू गृहीत धरतेस त्या कुठून आल्या हे माहीत असायला हवं. 1973 मध्ये हिमालयात चिपको सुरू झालं, 1980 मध्ये वनसंवर्धन कायदा आला. केरळात सायलेंट व्हॅलीचं धरण रद्द झालं ते लेखक, शिक्षक, शास्त्रज्ञ आणि सामान्य लोक वर्षानुवर्षं मागे लागले म्हणून. 1984 ला भोपाळ झालं आणि 1986 ला पर्यावरण संरक्षण कायदा. मोठ्या प्रकल्पाआधी जनसुनावणी घेणं 1997 पासून बंधनकारक झालं. सुनावणीच्या मंडपात आज आपण माईक हातात घेतो तो कोणाच्या उपकाराने मिळालेला नाही.

पण मला सगळ्यांत जास्त शिकवलं ते आपल्या विदर्भातल्या एका गोष्टीने. 1980 च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवर भोपालपट्टनम आणि इंचमपल्ली ही दोन धरणं होणार होती. गडचिरोली आणि बस्तरचं प्रचंड जंगल आणि आदिवासी गावं पाण्याखाली जाणार होती. 1984 मध्ये बाबा आमटे, आदिवासी नेते लाल श्यामशाह यांच्यासह हजारो आदिवासी "जंगल बचाओ, मानव बचाओ" म्हणत उभे राहिले. ती धरणं झाली नाहीत. आता धरण अडलं म्हणून सगळे घरी गेले असते तर? गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गाव घरी गेलं नाही. त्या आंदोलनात असलेली ही माणसं गावात परत येऊन बसली आणि स्वतःला विचारू लागली: जंगल वाचवा म्हटलं, आता ते सांभाळणार कोण, आणि निर्णय कोण घेणार? अभ्यासगट सुरू झाला. निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने घ्यायचे असं ठरलं. गावचे नेते देवाजी तोफा आणि त्यांच्यासोबत काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांची नावं तू ऐकली असशील. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावी आम्हीच सरकार" ही घोषणा तिथली. 2006 चा वनहक्क कायदा आल्यावर 2009 मध्ये सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. तरी स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना मिळेना. तो एप्रिल 2011 मध्ये मिळाला, तेव्हा केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले होते. आंदोलनापासून बांबूच्या परवान्यापर्यंत 27 वर्षं गेली. तू पाच वर्षांत निराश झालीस म्हणून हे सांगते आहे, तुला कमी लेखण्यासाठी नाही.

शहरात गोष्ट वेगळी असते. इथे गावसभा नाही, शेजाऱ्याचं नाव माहीत नसतं. म्हणून शहरातलं एक अगदी छोटं उदाहरण सांगते, माझ्या डोळ्यांसमोर घडलेलं.

बारा-तेरा वर्षांपूर्वी अनंत चतुर्दशीला आम्ही काही जण नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर उभे होतो. मोठी टाकी, बाजूला निर्माल्यासाठी पिंप, गळ्यात ओळखपत्र. एक आजोबा आले. पांढरी टोपी, हातात स्टीलचं ताट, ताटात वीतभर गणपती, दुर्वा सुकलेल्या. मी त्यांना तलावाच्या पाण्यातला प्राणवायू, प्लास्टर ऑफ पॅरिस, रंगातले जड धातू, सगळं सांगितलं. मला ते पाठ होतं. आजोबांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "माझ्या बापानं इथंच शिरवला, आजानं इथंच शिरवला. तू कोण मले टाकीत टाकाले सांगणारी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आमच्यात घरकाम करणाऱ्या एक मावशी होत्या. त्या पुढे आल्या, आजोबांच्या हातातलं ताट दोन्ही हातांनी घेतलं, टाकीच्या कडेवर ठेवलं आणि उदबत्ती पेटवली. आरती म्हटली, पूर्ण. आजोबाही म्हणू लागले. मग त्यांनी विचारलं, "टाकीतलं पाणी नळाचं हाय का?" मावशी म्हणाल्या, "नाही बाबा, याच तलावातून बादलीनं आणलं. तलावच हाय हा." आजोबांनी टाकीत हात बुडवून पाहिला, डोळ्यांना लावला आणि स्वतःच्या हाताने मूर्ती सोडली.

पुढच्या वर्षी आमच्या प्रत्येक टाकीत पहिली बादली तलावाची घालायची असं ठरलं, आणि प्रत्येक टाकीपाशी आरतीचं तबक. प्राणवायूची माहिती आम्ही पत्रकाच्या मागच्या बाजूला टाकली.

आज शहरातल्या तलावांत विसर्जन बंद आहे. टाक्या महापालिका लावते, त्यासाठी पैसे ठरलेले असतात, माणसं नेमलेली असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 12 मे 2020 ला मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या. आमचा गट आता फुटाळ्यावर उभा राहत नाही, कारण गरज उरली नाही. मात्र अर्धं काम तसंच पडलं आहे. चितार ओळीतला (ही नागपुरातली मूर्तिकारांची वस्ती) मूर्तिकार मातीची मूर्ती करतो तेव्हा वाळायला दिवस जास्त जातात, वजन जास्त भरतं, नेताना मोडली तर नुकसान त्याचं. गिऱ्हाईक भाव मात्र प्लास्टरच्या मूर्तीचा देतं. आम्ही भाविकाला पटवलं, मूर्तिकाराच्या हिशेबाकडे पाहायला फार उशीर केला. चळवळीची ही खोड आहे. ती शेवटच्या माणसाला, म्हणजे वापरणाऱ्याला, गाठते. बनवणाऱ्याचं पोट कसं चालेल याचा विचार मागाहून येतो.

याहून मोठी चूक मी स्वतः केली आहे. ती लिहायला हवी. शहरातून वाहणाऱ्या नाग नदीसाठी आम्ही एकेकाळी निवेदनांवर निवेदनं दिली. त्यांपैकी एकाचा मसुदा माझ्या हातचा होता आणि त्यात एक ओळ होती: "नदीकाठची अतिक्रमणे तातडीने हटवावीत." कार्यवाही झाली. यंत्र आलं ते नदीकाठच्या टिनांच्या खोल्यांवर. पात्रात घुसलेल्या पक्क्या भिंती, ज्यांच्याकडे वकील होते, त्या तशाच राहिल्या. एका बाईने पावसाळ्याच्या तोंडावर मला विचारलं, "तुमची नदी साफ झाली का मॅडम?" त्या दिवसापासून माझ्या कुठल्याही मसुद्यात अतिक्रमण हा शब्द एकटा येत नाही. कोणाचं, किती मीटर आत, हटवल्यावर ती माणसं कुठे राहतील, हे सोबत लिहिल्याशिवाय मी सही करत नाही. गरिबाला वगळून केलेली स्वच्छता टिकत नाही आणि ती न्यायाची तर नसतेच.

23 सप्टेंबर 2023 ची पहाट आठवते ना? काही तासांत 100 मिलिमीटरहून जास्त पाऊस, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला, नाग नदी घरांत शिरली. बंगले आणि झोपड्या दोन्हींत. नदीचं पात्र अरुंद करू नका, तलावाच्या सांडव्यापुढे बांधकाम नको, सिमेंटचे रस्ते घरांपेक्षा उंच करू नका, हे लोक आधीपासून सांगत होते. ऐकलं गेलं नाही. पुरानंतर प्रकरण नागपूर खंडपीठापुढे गेलं आणि सांडवा, पूल, पात्रातले अडथळे हे शब्द सरकारी कागदांत आले. आधी सांगितलेलं पुढे आपत्तीनंतर वापरलं जातं. मला याचं समाधान वाटत नाही, पण कागद तयार होते म्हणून पुढचं थोडं लवकर झालं.

एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य करते. शाश्वततेकडे नेणारी प्रत्येक गोष्ट चळवळीने होत नाही. भांडेवाडीला शहराचं सांडपाणी शुद्ध होतं आणि त्यातलं रोज 130 दशलक्ष लिटर कोराडीच्या वीज केंद्राला देण्याची व्यवस्था आहे. त्यामुळे तेवढं पेंच धरणाचं ताजं पाणी पिण्यासाठी उरतं. देशभरातून लोक हे पाहायला येतात. हे मोर्च्याने झालं नाही. पाण्याची ओढ होती, वीज केंद्राला खात्रीचं पाणी हवं होतं, पालिकेला उत्पन्न हवं होतं, हिशेब जुळला. माझं क्षेत्र म्हणून मला याचा अभिमान आहे. पण त्याच शहरात नाग नदीत आजही सांडपाणी मिसळतं आणि तिच्या शुद्धीकरणाच्या प्रकल्पाचा खर्च 1,900 कोटी रुपयांच्या वर आहे. नदीच्या बाबतीत हिशेब आपोआप जुळत नाही, कारण घाण पाण्याचं नुकसान कोणाच्याच खात्यावर पडत नाही. खालच्या गावांच्या विहिरींवर पडतं. जिथे हिशेब जुळतो तिथे अभियंते आणि अर्थ विभाग पुरतात. जिथे तो जुळत नाही तिथे नुकसान मोजून ते खात्यावर चढवणं, हे चळवळीचं काम. माझ्या लेखी तिची समाजातली जागा हीच आहे.

मोजून म्हणजे कसं, तेही सांगते. विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्राजवळचं गाव. राखेचं तळं गावाच्या अंगावर. उन्हाळ्यात तळ्याचा वरचा थर सुकला की वाऱ्याबरोबर राख उडते. तिथे आम्ही पाण्याचे नमुने घ्यायला गेलो होतो. एका घरी मी विचारलं, राख नेहमी पडते का. ती बाई म्हणाली, "मले कायले विचारता, दोरीवरचे कपडे पाहा ना." मग आत जाऊन तिने भिंतीवरची दिनदर्शिका काढून आणली. ज्या दिवशी धुतलेले कपडे पुन्हा धुवावे लागले त्या तारखेवर निळ्या पेनाची फुली. काही फुल्यांपाशी बारीक अक्षरात "लय" लिहिलेलं. दुधाचा हिशेब आणि राखेचा हिशेब एकाच पानावर. मागच्या वर्षांच्या दिनदर्शिकाही तिने ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. कोणी सांगितलं म्हणून नाही. "कोणी तरी येईलच विचाराले," म्हणाली.

आम्ही त्या पानांचे फोटो घेतले आणि तारखा वाऱ्याच्या नोंदींशी लावून पाहिल्या. वारा तळ्याकडून गावाकडे होता त्याच दिवसांवर फुल्या दाटलेल्या. बैठकीत आधी सांगितलं जायचं, तक्रारी अतिरंजित आहेत. ही पानं टेबलावर ठेवली तेव्हा तो शब्द पुन्हा आला नाही. राखेच्या पूर्ण वापराची जबाबदारी वीज केंद्रांवर टाकणारी 31 डिसेंबर 2021 ची केंद्राची अधिसूचना आहे. तिच्यात न वापरलेल्या राखेसाठी टनामागे 1,000 रुपये भरपाईची तरतूद आहे. तीही सोबत ठेवली होती. त्या गावात राखेच्या ट्रकांवर ताडपत्री बांधली जाऊ लागली आणि तळ्याच्या कोरड्या भागावर पाणी मारायला सुरुवात झाली. एवढंच. वीज केंद्र तिथेच आहे, गावातली निम्मी मुलं तिथेच कंत्राटावर कामाला आहेत, आणि "केंद्र बंद करा" असं म्हणताना आम्ही त्यांच्या मजुरीचं काय हे सांगू शकलो नाही. याचं उत्तर माझ्याकडे अजून पूर्ण नाही. कोळसा जाणारच आहे, पण त्याच्याबरोबर ही मुलं जाऊ नयेत, यावर काम करणारी तुझ्या वयाची माणसं हवी आहेत.

आता तुझ्या कॉलनीचं. तोडलेला कडुनिंब परत येणार नाही, पण कागद संपलेले नाहीत. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातल्या झाडांचा कायदा 1975 चा आहे आणि 2021 मध्ये त्यात मोठी दुरुस्ती झाली. 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड आता वारसा वृक्ष मानलं जातं. झाड तोडायची परवानगी दिली तर झाडाचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावावी लागतात. म्हणून माहिती अधिकारात तीन गोष्टी माग: परवानगीचा आदेश, त्यात लिहिलेलं झाडाचं वय, आणि बदल्यात लावायच्या झाडांची जागा. वय कमी लिहिलं गेलं तर झाडं कमी लावावी लागतात, त्यामुळे नजर तिथे ठेव. बुंधा अजून जागेवर असेल तर आजच मोजपट्टी ठेवून त्याचा फोटो काढ. वर्षं मोजायला तो उपयोगी पडेल. आणि कॉलनीत उरलेल्या प्रत्येक झाडाचा घेर, जागा आणि फोटो एका तक्त्यात भर. पुढची नोटीस लागेल तेव्हा हरकतीला मोजके दिवस मिळतात. त्या दिवसांत मोजणी सुरू केली तर उशीर होतो, तुमचं झालं तसंच.

सह्या गोळा करणं थांबवू नको. फक्त सही घेताना त्या घराला विचार की कोणत्या झाडाकडे ते लक्ष ठेवतील, आणि सहीच्या पुढे झाडाचा क्रमांक लिही.

तू पत्रात लिहिलं आहेस की तुला संगणकावर तक्ते चांगले जमतात आणि काही तरी करायचं आहे. त्या बाईच्या दिनदर्शिकांपैकी दोन वर्षांची पानं अजून माझ्याकडे नुसत्या फोटोंत पडून आहेत. तारखा वाऱ्याच्या नोंदींशी लावायच्या राहिल्या आहेत. पुढची बैठक पावसाळ्याआधी आहे. फोटो आज रात्री पाठवते. "लय" लिहिलेल्या फुल्या वेगळ्या रकान्यात घे.